वाव

सर्व्हे खात्याच्या परीक्षेचे शब्द पाठ करत बसले होते
सर्जेकोटच्या धक्क्यावर, बर्फाच्या मशीनला पाठ टेकून,
कारण घरात टीव्ही, आणि इथे निदान गार लागतं.

फॅदम. नाम: पाण्याची खोली मोजायचं माप, सहा फूट.
फॅदम. क्रियापद: तळ गाठणे, थांग लावणे, समजणे.
खाली बारीक अक्षरांत, कसरीने कड खाल्लेल्या जागी,
नामाचं मूळ: पसरलेले दोन हात.
क्रियापदाचा पहिला अर्थ: कवेत घेणे.

समोर बाबा दोर मोजत होते.
निळा नायलॉन, आडकरांच्या नव्या होडीच्या नांगराचा.
छातीपाशी धरायचा, हात फाकवायचे,
झाला एक वाव. खाली सोडायचा. पुन्हा धरायचा.
लाभ, दोन, तीन.

त्यांचा डावा हात दोन वर्षांपूर्वी विंचमध्ये गेला.
परत आला, पण कोपरात सरळ होत नाही.
हे सगळ्या बंदराला माहीत आहे, फक्त दोराला नाही.
चाळीस वाव म्हणून दिलेला मागचा दोर
छत्तीसच भरला. आडकर ओरडले नाहीत, तेच वाईट झालं.
एवढंच म्हणाले, "गंगाराम, पुढच्या खेपेक टेप घी."
टेप आणला. तो अजून कोनाड्यात आहे, पिशवीसकट.

इंग्रजांचा शब्द असा गेला असेल:
कुणीतरी कुणालातरी मिठीत घेतलं,
मग त्याच हातांनी दोर मोजला,
दोराला शिसं बांधून पाण्यात सोडलं,
शिसं टेकलं तिथे खोली सापडली,
आणि पुढे पाणी नसतानाही
माणसाच्या मनात तेच शिसं सोडू लागले.
मिठी तेवढी बुडाली. परीक्षेत ती विचारत नाहीत.

आमचा वाव खाली उतरलाच नाही.
तो दोरावरून उठून मोकळ्या जागेत गेला:
वाव असतो, वाव मिळतो, एखाद्याला वाव देतात.
की हे दोन वाव वेगळेच, एका नावाचे दोन गाववाले?
मला माहीत नाही. मालवणच्या वाचनालयातला
कोशाचा तो खंड कुणी नेला आहे, परत केलेला नाही.
समजण्याच्या कामाला आम्ही दुसरी माणसं लावली,
ठाव आणि थांग,
आणि जे कळलं नाही त्याला अथांग म्हणून हात जोडले.

बाबांनी कुणाला कवेत घेतलेलं मी पाहिलेलं नाही.
दादा कतारला निघाला तेव्हा त्यांनी त्याची बॅग उचलली,
"बावीस किलो," म्हणाले. विमानतळावर बावीसच भरली.
पण दिवसाला शंभर वाव धरले, वर्षं चाळीस,
तर हा माणूस किती वेळा
हात पुरते उघडून वाऱ्यासमोर उभा राहिला
याचा मी गुणाकार मांडला, आणि खोडला.

"सत्तावीस," म्हणाले, आणि थांबले. खांदा दाबून धरला.
मी पुस्तक माशांच्या क्रेटवर पालथं ठेवलं.
"आता मी मोजतंय."
"तुझो वाव बारको."
"कितको बारको?"

ते उठले. दोराचं टोक माझ्या उजव्या तळव्यात दिलं,
मूठ मिटवली, आणि दोर ताणत
माझ्या छातीसमोरून डाव्या हाताकडे सरकले.
क्षणभर ते माझ्या दोन हातांच्या आत होते.
डिझेलचा वास, शर्टाला चिकटलेला खवला.
माझं बोट त्यांनी सरळ केलं. "ताठ धर."
मग मागे होऊन पाहिलं.
"चार बोटां कमी."

लाभ, मी म्हटलं.

चाळीस झाले, वर दोन घेतले, माझ्या कमी बोटांचे.
पुस्तकात 'वाक्यात उपयोग करा' पुढची जागा
अजून कोरी आहे. तिच्यावर पाण्याचा एक ठिपका,
बर्फाचा असेल.